सोपं करून शिकवू नका

‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हे गाणं बी मायनरमध्ये आहे. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण मोबाइलवर हे गाणं शिकवणारे कितीतरी जण ते ए मायनरमध्ये शिकवतात आणि आपण काही बदललं आहे एवढंही सांगत नाहीत. शीर्षकात गाण्याचं नाव असतं, ईगल्स या बँडचं नाव असतं, शिवाय ‘अगदी मूळ गाण्यासारखं’ असंही लिहिलेलं असतं. शिकणारा माणूस विश्वासाने ए मायनर, ई, जी, डी, एफ, सी, डी मायनर, ई ही आठ कॉर्ड घोकतो. मग एके दिवशी मूळ रेकॉर्डिंग लावून त्याच्यासोबत वाजवायला बसतो, तर पहिल्या कॉर्डपासून बेसूर. गिटार नीट लावलेली असते, बोटं जागच्या जागी असतात, आणि तरी बेसूर. दुसऱ्या घरावर कॅपो लावला की ते जुळतं. हे सांगायला एक वाक्य लागतं. वीस मिनिटांच्या व्हिडिओत ते कुठंही बसलं असतं.

कॅपो म्हणजे सगळ्या तारा एका घरावर एकदम दाबून धरणारा चिमटा. गायकाच्या पट्टीप्रमाणे गिटारची पट्टी बदलायला तो वापरतात, आणि या गाण्याचा तर सगळा जन्मच त्या चिमट्याशी बांधलेला आहे. बँडचे गिटारवादक डॉन फेल्डर यांनी मालिबूच्या समुद्रकाठी भाड्याने घेतलेल्या घरात बारा तारांच्या गिटारवर ही चाल बांधली, ती ई मायनरमध्ये. गाणार होते डॉन हेन्ली. त्यांच्या गळ्याला ती पट्टी झेपेना, म्हणून गाणं बी मायनरला आलं. पण फेल्डर यांना बोटांचे मूळ आकार सोडायचे नव्हते. त्यांनी कॅपो थेट सातव्या घरावर लावला आणि ई मायनरच्याच आकारात बी मायनर वाजवला. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला ती गिटार इतकी चढी आणि पातळ किणकिणते ती यामुळे. खालच्या घरांवर बी मायनर धरून तो आवाज निघत नाही, कितीही मन लावून वाजवलं तरी. मला हे एका व्हिडिओतून कळलं असतं तर मी त्या शिकवणाऱ्याचा जन्मभर ऋणी राहिलो असतो. मला ते फेल्डर यांच्या मुलाखतींमधून कळलं.

मी कोनला राहतो. पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीकडे निघालं की लागतं ते कोन. गिरणी कामगारांसाठी इथल्या २,४१७ घरांची सोडत २०१६ साली निघाली, त्यात वडिलांचा नंबर लागला. ही घरं मुळात भाड्याच्या योजनेसाठी बांधलेली होती. १६० चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांचं एक घर केलं आहे. सोडतीनंतर ताबा मिळेपर्यंत मध्ये बरीच वर्षं गेली. गिटारचा क्लास लावायचा तर पनवेल शहरात किंवा नवीन पनवेलला जायला हवं. कामावरून सुटून, ट्रेलरच्या रांगेतून वाट काढत तिथं पोचेपर्यंत क्लासची वेळ संपलेली असते. म्हणून मोबाइल. माझ्यासारखे पुष्कळ असणार. ज्यांना क्लास जवळ आहे, पैसे आहेत आणि संध्याकाळ मोकळी आहे, त्यांच्यासाठी हे व्हिडिओ नसतातच. ते आमच्यासाठी असतात. शिकवणाऱ्याने आमच्याशी सरळ वागावं, एवढी माझी अपेक्षा आहे आणि ती मला फार वाटत नाही.

सगळ्यात जास्त त्रास वेगाचा आहे. जिथं सोपं आहे तिथं हे लोक सावकाश जातात आणि अवघड जागी सुसाट सुटतात. सुरुवातीची काही मिनिटं नमस्कार, चॅनेलची ओळख, नव्या गिटारची ओळख. मग ई मायनर कसा धरायचा ते दोन बोटं उचलून उचलून दाखवतात. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ शिकायला आलेल्या माणसाला ई मायनर येत असतो. तो गिटारवरचा जवळजवळ पहिला धडा आहे. पुढे एफ शार्प येतो. त्यात तर्जनी आडवी टाकून सहाही तारा एकट्या बोटाने दाबायच्या असतात. तिथं व्हिडिओतला माणूस म्हणतो, ‘ही साधी बॅर कॉर्ड आहे, ही तर तुम्हाला येतच असेल,’ आणि निघून जातो.

ती येत नसते. निम्म्याहून अधिक शिकाऊ गिटारवाले याच जागी गिटार कपाटावर टाकतात, असं मी माझ्या ओळखीतल्यांपुरतं खात्रीने सांगतो. आणि सांगण्यासारखं पुष्कळ असतं. तर्जनी सपाट टाकायची नाही, अंगठ्याकडच्या हाडाच्या कडेवर किंचित वळवायची, कारण बोटाच्या पेरांमधल्या खळग्यात तार बसली की ती बोलत नाही. बोट घराच्या मधोमध ठेवायचं नाही, धातूच्या पट्टीला चिकटून ठेवायचं, म्हणजे कमी जोर लागतो. कोपर अंगाजवळ घ्यायचा, म्हणजे दाब अंगठ्याऐवजी हाताच्या वजनातून येतो. पहिल्या-दुसऱ्या घराशी तारा सगळ्यात कडक लागतात, म्हणून तोच आकार आधी पाचव्या घरावर बसवायचा आणि मग एकेक घर खाली आणायचा. हे मी वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा केलं आहे. एका ठिकाणी सलग सांगायला तीन-चार मिनिटं पुरतात. तेवढा वेळ नव्या गिटारची ओळख करून देण्यात जातो.

तारांच्या नावांचाही घोळ आहे. ‘वरच्या तारेवर बोट ठेवा’ असं एकजण म्हणतो तेव्हा त्याच्या मनात मांडीवर धरलेल्या गिटारची वरची, म्हणजे जाड तार असते. दुसरा म्हणतो तेव्हा वरच्या सुराची, म्हणजे बारीक तार. टॅब म्हणजे गिटारसाठीची आकड्यांची लिपी; तिच्या कागदावर सहा रेघा असतात, त्यात सगळ्यात वरची रेघ बारीक तारेची. त्यातून काहींचा व्हिडिओ पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला असतो, त्यामुळे चित्र आरशातलं येतं आणि माणूस डावखुरा दिसतो. तारांना एक ते सहा असे नंबर आहेत, बारीक ती पहिली, जाड ती सहावी. नंबर सांगितला की वाद संपतो.

टॅबबद्दल माझी तक्रार जास्त गंभीर आहे. व्हिडिओखाली जो टॅब मिळतो त्यात बोट कोणत्या तारेवर आणि कोणत्या घरावर ठेवायचं ते कळतं. केव्हा ठेवायचं आणि किती वेळ ठेवायचं ते कळत नाही. आकड्यांमधल्या मोकळ्या जागेवरून अंदाज बांधायचा. तालासकट छापलेले टॅब असतात, पण ते आमच्या वाट्याला फुकट येत नाहीत. मराठी माणसाने हे मुकाट्याने सहन करावं याचं मला वाईट वाटतं. वाळकेश्वरला १८६० साली जन्मलेल्या विष्णू नारायण भातखंडे यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’त शेकडो बंदिशी लिहून ठेवल्या, तेव्हा मात्रा मोजून लिहिल्या. सम कुठे, खाली कुठे, स्वर किती लांबवायचा, सगळं साध्या खुणांनी दाखवलं, आणि ते साध्या छापखान्यात छापून घराघरांत गेलं. ज्या संगीतात गुरूसमोर बसल्याशिवाय काही मिळत नाही असं सगळे मानत होते, तिथं एका माणसाने कागदावर ताल उतरवून दाखवला. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना ‘रेकॉर्डिंग ऐका म्हणजे तुम्हाला कळेल’ असं सांगतात. रेकॉर्डिंग ऐकून कळत असतं तर मी व्हिडिओ कशाला उघडला असता?

उजव्या हाताचं तर विचारूच नका. जगातल्या प्रत्येक गाण्याला हे लोक एकच ठेका लावतात: खाली, खाली, वर, वर, खाली, वर. प्रेमगीताला तोच, वाढदिवसाच्या गाण्याला तोच आणि ‘हॉटेल कॅलिफोर्निया’लाही तोच. या गाण्याची चाल बँडपुढे आली तेव्हा त्याचं कच्चं नाव ‘मेक्सिकन रेगे’ होतं. रेगेमध्ये गिटारचा फटका मात्रेवर पडत नाही, दोन मात्रांच्या मध्ये पडतो. या गाण्याच्या कडव्यांखाली तीच चाल आहे, म्हणून ते सावकाश असूनही झुलतं. तो झोक काढून टाकला की आठ कॉर्ड उरतात.

मला ही गोष्ट शेजारच्या काकांनी दाखवली. काका सिंधुदुर्गातले. परळच्या गिरणीत आयुष्य गेलं, आणि गिरणगावातल्या भजनी मंडळात त्यांनी वर्षानुवर्षं पखवाज वाजवला. डबलबारीच्या सामन्यांना ते साथीला बसत. इथं भिंती पातळ आहेत. माझी तीच आठ कॉर्ड रोज ऐकून एका रात्री ते दारात आले.

“ताच ताच काय वाजवतंस रे? फुडचा वाजव मरे!”

“काका, पुढचं अजून येत नाही.”

“मग ह्या तरी बरा वाजव.”

आत येऊन बसले. मी मूळ गाणं लावलं. त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं असावं. ते मांडीवर हात टाकत राहिले, आधी समेवर, मग जरा हलके, मग थांबून नुसते ऐकत. थोड्या वेळाने म्हणाले, “हो ठोको मात्रेर पडणा नाय, मदी पडता. आणि तू मात्रेर मारतंस.” मग मला वाजवायला लावलं आणि सांगितलं की पाचव्या जागी हात बदलताना माझी लय दरवेळी तुटते. पाचवी जागा म्हणजे जिथं जीची कॉर्ड येते. त्यांना जी माहीत नाही, बी मायनर माहीत नाही, ईगल्स माहीत नाहीत. मोबाइलमधल्या माणसाला हे सगळं माहीत आहे. पण तो मला ऐकत नाही आणि ऐकू शकणार नाही, ही या शिकवणीची मर्यादा आहे आणि ती मी मान्य करतो. माझं म्हणणं एवढंच की ज्याला ऐकता येत नाही त्याने सांगण्यात कसूर करू नये. ‘इथं हात उशिरा येतो, सगळ्यांचाच येतो, म्हणून आधीच्या कॉर्डचा शेवटचा फटका सोडून द्या आणि हात लवकर उचला,’ हे समोर कोण बसलं आहे ते न पाहताही सांगता येतं.

मग या गाण्याचं नेमकं कोणतं रेकॉर्डिंग शिकायचं, हा प्रश्न. हा प्रश्न विचारला की लोक वेड्यात काढतात, पण तो खरा आहे. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हा अल्बम डिसेंबर १९७६ मध्ये आला. ते रेकॉर्डिंग स्टुडिओतलं आहे. त्यात अनेक गिटारी एकावर एक बसवलेल्या आहेत आणि निरनिराळ्या वेळी वाजवलेले तुकडे टेप कापून जोडलेले आहेत. तुटलेला बँड १९९४ मध्ये पुन्हा एकत्र आला, ‘हेल फ्रीझेस ओव्हर’च्या कार्यक्रमात तेच गाणं साध्या, विजेशिवायच्या गिटारींवर वाजवलं, आणि त्याला सुरुवातीला नायलॉन तारांवरचा एक स्पॅनिश ढंगाचा नवा तुकडा जोडला. माझ्या वयाच्या पुष्कळांच्या कानात नव्वदीतलं हेच गाणं आधी गेलं. दोन्ही सुंदर आहेत. पण ती दोन वेगळी कामं आहेत, आणि व्हिडिओवाले सुरुवात १९९४ची घेतात, कडवं १९७६चं, आणि शेवट कुठलाच नाही. शिकणाऱ्याला कळतही नाही की आपल्या हातात आलेलं गाणं कोणीच कधी वाजवलेलं नाही.

शेवटाविषयी सविस्तर लिहायला हवं, कारण लोक हे गाणं शेवटासाठीच शिकतात. मूळ गाणं साडेसहा मिनिटांचं आहे आणि शेवटची दोन मिनिटं गाणं संपून फक्त गिटार आहे. फेल्डर आणि बँडचे दुसरे गिटारवादक जो वॉल्श आळीपाळीने वाजवतात, एकाने सोडलं की दुसरा उचलतो, डबलबारीत बुवा एकमेकांना उत्तर देतात तसे, आणि मग दोघं एकत्र येऊन एकाच आकृतीचे वेगवेगळे सूर वाजवत उतरत जातात. आता ही जागा शिकवताना काय होतं पाहा. व्हिडिओच्या नावात ‘अकूस्टिक’ लिहिलेलं असतं आणि माणूस इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसलेला असतो. इलेक्ट्रिकच्या तारा बारीक असतात, तिसरी तार नागडी असते, ती बोटाने वर ढकलून पूर्ण सूर चढवता येतो. माझ्या गिटारला तिसरी तारही वेटोळ्याची आहे. ती ढकलली की बोटाचं कातडं निघतं आणि सूर मध्येच कुठंतरी लोंबकळत राहतो. तो म्हणतो, ‘फक्त थोडा जोर लावा.’ जोराचा प्रश्न नाही. ती तार तेवढी चढतच नाही. अकूस्टिकवर तिथं ढकलण्याऐवजी दोन घरं वर सरकायचं, हे त्याने सांगायला हवं होतं. साधनाचा फरक शिकणाऱ्याच्या माथी कमजोरी म्हणून मारला जातो, याचा मला खरोखर राग येतो.

आणि मग व्हिडिओ संपतो. ‘सोलो आपण दुसऱ्या भागात पाहू.’ दुसरा भाग कधी निघालेला नसतो, कधी पैसे भरल्यावर दिसतो, कधी काढून टाकलेला असतो. काढून टाकण्याबद्दल मी तक्रार करणार नाही. हेन्ली आपल्या गाण्यांच्या हक्कांबाबत काटेकोर आहेत, २०२० साली अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीपुढे त्यांनी इंटरनेटवरच्या कॉपीराइटच्या कायद्यात बदल हवेत अशी साक्ष दिली. ज्याने गाणं लिहिलं त्याचं म्हणणं मला पटतं. पैसे भरण्याबद्दलही तक्रार नाही, शिकवणं हे काम आहे. पण पहिल्या भागाच्या शीर्षकात ‘पूर्ण गाणं’ लिहू नये. ज्याला पूर्ण शिकवायचं नाही त्याने अर्ध्याचं नाव अर्धं ठेवावं.

मला या सोलोबद्दलची एक हकिगत फार मोलाची वाटते, ती इथं लिहितो. फेल्डर यांनी घरी चालीचा नमुना टेप केला तेव्हाच त्यात सोलोही वाजवला होता. पुढे मायामीच्या स्टुडिओत रेकॉर्डिंगला बसल्यावर ते आणि वॉल्श नव्याने काहीतरी सुचवत वाजवू लागले. हेन्ली यांनी थांबवलं. नमुन्यातला होता तसाच हवा, म्हणाले. टेप तर लॉस एंजेलिसला घरी. फेल्डर यांनी घरी फोन लावला, घरकाम करणाऱ्या बाईंना ती कॅसेट शोधून टेपरेकॉर्डरवर लावायला सांगितली आणि रिसीव्हर त्याच्यापुढे धरायला लावला. मग फोनवरून ऐकून स्वतःचाच सोलो स्वतः पुन्हा शिकले. सत्तरच्या दशकातली फोनची लाइन, कॅसेटचा आवाज, अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. जगातला सगळ्यात नावाजलेला गिटार सोलो अशा रीतीने, दुरून, वाईट आवाजात शिकला गेला आहे. तेव्हा दुरून शिकता येत नाही असं मला कोणी सांगू नये. येतं. त्या फोनवर कुणी सोपं करून वाजवलं नव्हतं, मध्येच थांबून स्वतःची ओळख करून दिली नव्हती, होतं तेच ऐकवलं होतं.

बाकीच्या तक्रारी लहान आहेत, पण रोजच्या आहेत. व्हिडिओ अर्ध्या वेगाने चालवता येतो ही फार चांगली सोय आहे. पण अर्ध्या वेगात तारांचा आवाज चिखलासारखा पसरतो आणि नेमका सूर कोणता ते कळत नाही. म्हणून शिकवणाऱ्याने स्वतः एकदा हळू वाजवायला हवं. ‘एक, दोन, तीन, चार’ असं सावकाश मोजून नंतर पूर्ण वेगात वाजवण्याला हळू वाजवणं म्हणत नाहीत. जाहिरात हमखास मोजणीच्या तीन आणि चारमध्ये येते. पावसाळ्यात इथं वीज गेली की नेटवर्कही जातं, मग पाहिलेलं आठवून वाजवावं लागतं. कोकणातल्या दमटपणात तारा गंजतात, लाकूड फुगतं, तारा उंच होतात आणि जूनमध्ये बसलेला एफ शार्प जुलैमध्ये परत अवघड होतो. कोणत्याही व्हिडिओत पावसाळ्यात गिटार पिशवीत कशी ठेवायची, तारा वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने का पुसायच्या, हे सांगत नाहीत, कारण ते जिथं बसून शिकवतात तिथं एसी असतो.

या सगळ्यातून मी कडव्यापर्यंत आलो आहे, ते बी मायनरमध्ये, कॅपो सातव्या घरावर, फटका मात्रेच्या मध्ये. सोलोचा फेल्डर यांचा भाग हळू वेगात बसतो आहे. वॉल्श यांचा भाग मी शिकलेला नाही आणि शिकणारही नाही, कारण शेवटच्या उतरत्या तुकड्यात दोघं एकाच वेळी वाजवतात आणि ते एकट्याला करता येत नाही. व्हिडिओत तो माणूस दुसरी गिटार स्वतःच आधी रेकॉर्ड करून मागे लावतो. मला ते नको आहे. आमच्या इमारतीच्या खाली नोटिसा लावायचा जो फळा आहे त्यावर मी कागद लावला आहे: वॉल्श यांचा भाग वाजवणारा, किंवा शिकायची तयारी असलेला गिटारवाला हवा. सोपं करून वाजवणारा नको. वेळ रविवारी चारनंतर, तिसरा मजला. काका ठेका धरायला बसणार आहेत, त्यांनी तसं सांगितलं आहे, आणि पखवाज गावाहून आणायला पुतण्याला फोनही केला आहे.